धाराशिवची मशीन

फकरुद्दीनच्या दुकानातली मशीन पेंटर योगीराजनं आणली. ब्रशनं आणली.

पाटी रंगवायची ठरली तेव्हा फकरुद्दीननं एवढंच सांगितलं होतं, की वर 'डायमंड ड्रायक्लीनर्स' घाल, खाली माझं नाव घाल आणि उतर शिडीवरून. योगीराजनं तेवढं घातलं. मग रस्त्याच्या पलीकडं जाऊन, डोळे बारीक करून पाटीकडं बघितलं आणि म्हणाला, "चाचा, उजव्या बाजूला जागा लई मोकळी दिसायली." पैसे पाटीवर ठरलेले होते, अक्षरांवर नव्हे. मोकळी जागा म्हणजे नुसतं नुकसान. फकरुद्दीन कोपऱ्यावर पान आणायला गेला आणि पान लावून येईपर्यंत त्या जागेत लाल रंगात उमटलं होतं, 'येथे कपडे परदेशी कॉम्प्युटर मशीनवर धुतले जातात'.

"अरे, मशीन कुठंय आपल्याकडं?"

योगीराजनं ब्रश रॉकेलात बुडवला. "रंग ओला हाय तवर सांगा. पुसू का?"

फकरुद्दीननं पाटीकडं बघितलं. पाटी भरल्यासारखी दिसत होती. तो काही बोलला नाही, आणि रंग वाळला.

पाटीवर मशीन आली म्हटल्यावर दुकानातही यायला हवी. फकरुद्दीननं काउंटरच्या मागं जाड निळा पडदा लावला आणि पडद्याच्या आत घरातला जुना कूलर नेऊन ठेवला. कूलरची पाण्याची मोटार जळालेली होती, पंखा शाबूत होता. बटण दाबलं की गुऱ्हाळात ऊस घातल्यासारखा घरघरायचा. गिऱ्हाईक लग्नातला सूट काउंटरवर ठेवून दबक्या आवाजात विचारायचं, "आत चालूय वाटतं?" फकरुद्दीन डोळे मिटून मान हलवायचा. खोटं तो बोलत नसे. पाच वेळच्या नमाजाचा माणूस. खोटं बोलायचं काम त्यानं कूलरकडं सोपवलं होतं.

कपडे जायचे सोलापूरला. तिथं शंभू नावाच्या माणसाकडं खरीखुरी मशीन होती, आणि आसपासच्या कितीतरी परदेशी मशिनी त्या एका मशिनीवर चालायच्या. फकरुद्दीन प्रत्येक कपड्याच्या कॉलरला आतून हिरवा दोरा टाकायचा, चादरीत गाठोडं बांधायचा आणि बेंबळीच्या लिंबाजीच्या पिकअपवर चढवायचा. लिंबाजी भाजीपाला घेऊन सोलापूरच्या बाजारात जायचा. वांग्याच्या पोत्यांवर गाठोडं बसायचं. कपडे शंभूकडं पोचले की शंभू हिरवा दोरा काढून आपला पिवळा टाकायचा. काम झालं की पिवळा काढून पुन्हा हिरवा. कुणाचा कपडा कुणाकडून आला हे तिसऱ्याला कळू द्यायचं नाही, हा या धंद्यातला रिवाज. लोक याला गुप्तता म्हणतात. धंदेवाले अब्रू म्हणतात.

दुकानाच्या मागं घर होतं, घराच्या मागं अंगण, आणि अंगणाला बोळात उघडणारं एक दार. त्या दारानं नसीमबीचा, म्हणजे फकरुद्दीनच्या बायकोचा, निराळाच कारभार चालायचा. बाहेरगावचे कुणाकुणाचे भारी कपडे ती रिठ्याच्या पाण्यात धुवून द्यायची. फकरुद्दीनला हे माहीत होतं आणि ते त्याला आवडत नव्हतं. ज्याच्या पाटीवर परदेशी मशीन, त्याच्या अंगणात रिठ्याचं घमेलं, हे गावाला कळलं तर काय राहील? त्यानं यावर उपाय केला होता. तो अंगणात जायचाच नाही. जेवायलासुद्धा अंगणाकडं पाठ करून बसायचा. दिसलं नाही की नसतं, या तत्त्वावर मोठमोठी माणसं चालतात; फकरुद्दीन तर लहान माणूस होता.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मेहनाजचं लग्न ठरायची वेळ आली.

मेहनाज ही त्यांची एकुलती एक. बी.कॉम. झालेली आणि जिभेला धार असलेली. आलेली स्थळं ती एकामागून एक परत धाडत होती. एकानं विचारलं, रोट्या गोल जमतात का. तिनं विचारलं, तुम्हाला चौकोनी जमतात का. तेही गेलं. जळकोटच्या हाफिजला मात्र तिनं हौ म्हटलं. कारण फोनवर पहिल्याच बोलण्यात त्यानं विचारलं होतं, "तुम्हाला काय काय आवडत न्हाय?" हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर लांबत गेलं, आणि त्या पोरानं ते शेवटपर्यंत ऐकलं. फोन ठेवून ती आईला म्हणाली, "अम्मी, हाच."

आता हे स्थळ मोडलं तर पोरगी पुन्हा कुणाला हौ म्हणणार नाही, हे नसीमबीला कळलं होतं आणि नसीमबीनं ते फकरुद्दीनला दोनदा सांगितलं होतं.

हाफिजचा बाप समद. त्याचं जळकोटला हायवेवर 'रॉयल ड्रायक्लीन प्लांट' होतं. फकरुद्दीन त्या 'प्लांट' शब्दानंच निम्मा झाला होता. दुकान म्हटलं की माणूस आत येऊन बसतो. प्लांट म्हटलं की बाहेर उभा राहून वर बघतो. पाहुणे यायच्या दिवशी त्यानं कूलर सकाळपासूनच चालू ठेवला.

समद हाफिजला घेऊन आला तो बदामी रंगाची शेरवानी घालून. कपडा हैदराबादचा, शिलाई हैदराबादची, आणि बसायची ऐटही तिथलीच. जेवण छान रंगलं. दालचा-खाना होता, म्हणजे दुधी घातलेली आंबटसर डाळ आणि भात. नसीमबीचा दालचा म्हणजे माणूस बोट चाटत नाही, बोटाकडं बघत बसतो. समदनं दोनदा घेतला आणि तिसऱ्या वेळी ताटावर हात आडवा धरला. आता पाहुण्यानं हात आडवा धरायचा आणि यजमानानं तो बाजूला सारायचा, हे ठरलेलंच. फकरुद्दीननं हात सारला. समदनं पुन्हा धरला. "थोडासा," फकरुद्दीन म्हणाला. "बिलकुल नक्को," समद म्हणाला. "मेहनाजची कसम," फकरुद्दीन म्हणाला, आणि दोघांच्या तहजीबच्या झटापटीत डाव पालथा होऊन सगळा दालचा समदच्या छातीवरून खाली गेला. दुधी भोपळ्याची एक फोड तिसऱ्या गुंडीपाशी अडकून राहिली.

सगळे त्या फोडीकडं बघत राहिले. पडद्याआड फक्त कूलर घरघरत होता.

"काही न्हाय, काही न्हाय," समद म्हणाला. "आपल्या प्लांटात निघून जाईल."

"असं कसं," फकरुद्दीन म्हणाला. "डाग आमच्या घरी पडला, निघंल बी आमच्याच घरी. आवाज ऐकताय न्हवं?"

समदनं पडद्याकडं बघितलं. "परदेशी म्हणं."

"पाटीवर हायेच की."

समदला हाफिजचा शर्ट घालायला दिला आणि हाफिज बनियनवर बसला. मेहनाजनं दारातून ते बघितलं आणि तिचं मत आणखी पक्कं झालं. मग समद लोडाला टेकला आणि मुद्द्यावर आला.

"हे बघा फकरुद्दीनभाई, लेनदेनचं नाव काढू नका. आमच्या खानदानात तो रिवाजच न्हाय."

"माशाल्ला," फकरुद्दीन म्हणाला आणि सावरून बसला. ज्यांच्या खानदानात रिवाज नसतो त्यांची यादी लांब असते, हे त्याला दोन बहिणींच्या लग्नात कळून चुकलं होतं.

"फक्त एक. तुम्ही आज ना उद्या नवी मशीन घेणारच. जुनी मग पडूनच राहणार. ती तेवढी जळकोटला धाडून द्या. माझं प्लांट मोठं हाय, एका कोपऱ्यात मावंल. पोरीला बी माहेरचं कुणीतरी सोबत." समद हसला. "पुढच्या जुम्म्याला नमाज झाली की येतो. शेरवानी नेतो, मशीन बघतो, तारीख धरतो."

पाहुणे गेले. फकरुद्दीन पडद्याकडं बघत बसला.

"अब्बा," मेहनाज म्हणाली, "कूलर द्या की त्यांना. प्लांटात गरम होत असंल."

शेरवानी लिंबाजीच्या गाडीवरून सोलापूरला गेली. फकरुद्दीननं हिरवा दोरा टाकताना दुआ म्हटली आणि शंभूला फोन लावला.

"शंभू, एक काम कर. जुम्म्याला माझे पाहुणे घेऊन येतो. तुझी मशीन दाखव. म्हणू, आपलीच सोलापूरची शाखा."

पलीकडं शंभू आधी खोकला. मग शंभू म्हणाला, "मशीन ना… ती सध्या खोललीय, चाचा."

"खोललीय? मग माझे कपडे कशात चाललेत?"

"खोललेल्या मशिनीतच. हळूहळू."

"आणि शेरवानी?"

"प्रोसेसला गेलीय," शंभू म्हणाला आणि त्याच्या फोनची रेंज गेली. सोलापूर शहराच्या मधोमध शंभूच्या फोनची रेंज नेमकी अशाच वेळी जात असे.

आता उरला योगीराज. ज्यानं मशीन आणली, त्यानंच ती उभी करावी, असा फकरुद्दीनचा विचार. योगीराजला ते काम अवघड वाटलं नाही. तो म्हणाला, "एक पत्र्याचा ड्रम बघा. चंदेरी रंग मारतो. म्होरं काच बसवू, वर कुकरची शिट्टी. 'मेड इन जर्मनी' मी घालतो, जागा शिल्लक राहिली तर."

ड्रम घरात एकच होता आणि तो अंगणात होता. जुम्म्याच्या आदल्या दिवशी फकरुद्दीननं मनाची तयारी केली आणि कित्येक वर्षांनी स्वतःच्या अंगणात पाऊल टाकलं.

अंगणात दोरीवर शेरवानी वाळत होती.

बदामी. हैदराबादची शिलाई. ती त्यानं स्वतःच्या हातानं सोलापूरला धाडली होती. तिसऱ्या गुंडीपाशी डागाचं नावनिशाण नव्हतं. शेजारी बाजार समितीचे संचालक गुरुलिंगआप्पा यांचं जाकीट उलटं लटकत होतं. त्याच्या पलीकडं दातांच्या डॉक्टरचा सूट, हेडमास्तरांचा कोट, आणि वकीलसाहेबांच्या मिसेसची पैठणी. धाराशिवची सगळी प्रतिष्ठा चिमट्यांना लटकलेली. प्रत्येक नग त्यानं हिरवा दोरा टाकून पुढच्या दारानं घालवलेला होता.

नसीमबी घमेल्यापाशी बसून रिठे चोळत होती. तिनं मान वर केली.

"या. वाट चुकलात वाटतं."

"ही शेरवानी इथं कशी आली?"

"लिंबाजी घेऊन आला."

"ही तर सोलापूरला गेली होती."

"गेली की. जाऊन आली. आता परत जाईल."

फकरुद्दीन ड्रमवर बसला. ड्रम वाजला. त्यानं विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"आप्पांचं जाकीट मला ओळखू येणार न्हाय? दर बारीला खिशात बडीशेप निघते. दुकानात तुमच्यासमोर खाल्लेली असते, तीच."

"मग बोलली का न्हाईस?"

नसीमबीनं रिठ्याचा फेस बोटांनी खाली निपटला. "बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं? सोलापूर बंद केलं असतं आणि गाठोडं उचलून सरळ माझ्या म्होरं टाकलं असतं. घरचंच काम म्हणून. घरच्या कामाचे कुणी पैसे देतं का जी? जळकोटवाले देतात."

"जळकोटवाले? कोण जळकोटवाले?"

उत्तर बोळाच्या दारातून आत आलं. लिंबाजी होता. 'भाबी, गाठोडं झालं का' एवढं म्हणून त्यानं ड्रमकडं बघितलं, आणि डोक्याची टोपी काढून हातात घेतली.

"बस," फकरुद्दीन म्हणाला. "सांग. कधीपासनं चाललंय हे?"

"शंभूनं मशीन इकली तवापासनं. लाकडाऊनमदी इकली की त्यानं. मग तो म्हनला, जळकोटला समदभाईचं प्लांट हाय, तिकडं टाक. तिकडं टाकलं. तर समदभाई म्हनले, लिंबाजी, आपलं प्लांट अजून बसायचंय, तोवर कुणी धुणारं हाय का बघ. म्या म्हनलं, धाराशिवला एक मशीन हाय."

"कोणती मशीन?"

लिंबाजीनं टोपीनं नसीमबीकडं दाखवलं. "म्या म्हनलं, जुनी हाय, पन मजबूत. लाइट गेली तरी चालती."

नसीमबीनं ओला रुमाल जोरात झटकला. "जुनी?"

"ते आपलं बोलायची पद्धत असती, भाबी. समदभाईला एवढंच ठाऊक हाय. कुणाच्या घरी, ते त्येंनी इचारलं न्हाय."

"म्हणजे माझ्या म्होरच्या दारातनं निघालेला कपडा सोलापूर, जळकोट करून माझ्याच मागच्या दारात," फकरुद्दीन म्हणाला. "आणि तसाच उलट्या वाटंनं परत. आणि तू मला एका शब्दानं सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं कुठं, चाचा? तुमी इचारायचात, गाडी पोचली का. म्या सांगायचो, पोचली."

"अरे, म्होरच्या दारापासनं मागच्या दारापर्यंत चालत किती लागतं?"

लिंबाजीनं विचार केला. "चालत जवळ हाय," तो म्हणाला. "पन गाडी बोळात वळत न्हाय. तिला सोलापूरहूनच यावं लागतं."

फकरुद्दीननं डोळ्यांनीच बोळ मापला. मग त्याला एकदम उजाडलं आणि तो ड्रमवरून उठला. "थांब. शेरवानी समदभाईच्याच हातात गेली असंल मग. काय म्हणाले?"

"गाठुडं सोडलं, आपलीच शेरवानी बघितली आन खाली बसले. लई येळ बसले. मग म्हनले, जाऊ दे म्होरं."

आठवडाभरात पहिल्यांदा फकरुद्दीनच्या चेहऱ्यावर तेज आलं. प्लांट नव्हतं. त्या माणसाकडं प्लांट नव्हतं. "उद्या येऊ दे," तो म्हणाला. "उद्या विचारतो, प्लांटात कूलर कुठल्या कंपनीचा हाय."

"विचारा," दारातून मेहनाज म्हणाली. ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. "तुम्हाला त्यांचं कळलं, त्यांना तुमचं कळलं. ते म्हणतील मशीन कुठंय, तुम्ही म्हणाल प्लांट कुठंय. तुम्ही दोघं बरोबरीत सुटाल अब्बा. लग्न तेवढं मोडंल."

फकरुद्दीनचं तेज आलं तसं गेलं. लिंबाजीनं गाठोड्याकडं हात नेला तशी नसीमबी म्हणाली, "शेरवानी राहू दे. ती मी देते."

जुम्म्याला समद आला. सोबत हाफिज होता. फकरुद्दीननं कूलर लावला नव्हता. त्या शांततेत सगळेच अवघडल्यासारखे बसले. सरबत झालं, हवापाण्याचं झालं, येडशीच्या पाहुण्याच्या गुडघ्याचं झालं. मशिनीचं नाव कुणी काढेना. समद पडद्याकडं बघत नव्हता, आणि न बघण्यात बरीच मेहनत घेत होता. शेवटी त्यानं घसा साफ केला.

"फकरुद्दीनभाई, म्या विचार केला. मशीन म्हणजे जड चीज. काढायची, गाडीत घालायची, पुन्हा बसवायची. उगं तुम्हाला तसदी. त्यापेक्षा असं करू. मशीन राहू द्या तुमच्याकडं. तिची किंमत तेवढी द्या. आम्ही तिकडं दुसरी घेऊ."

म्हणजे नसलेली मशीन फकरुद्दीनकडंच राहणार होती, आणि तिचे असलेले पैसे जळकोटला जाणार होते. हाफिज चपलेकडं बघायला लागला. फकरुद्दीनच्या ओठांवर 'प्लांट' हा शब्द आला. त्यानं मेहनाजकडं बघितलं आणि शब्द सरबताबरोबर गिळला. आपल्या पोरीचं लग्न आपण आत्ता इथं विकत घेणार, कर्ज काढून घेणार, आणि त्याच्या बदल्यात एक कूलर आपल्याकडं राहणार, एवढंच त्याला दिसत होतं.

तेवढ्यात नसीमबी शेरवानी घेऊन बाहेर आली. घडी अशी, की वर कुराण शरीफ ठेवावं. तिनं ती समदच्या मांडीवर ठेवली.

"बघून घ्या, भाईजान. डाग गेला का."

समदनं शेरवानी उलगडली. डाग गेला होता. तो 'वाह' म्हणणार तोच त्याचं लक्ष कॉलरच्या आत गेलं. आत लाल दोरा होता. लाल दोरा जळकोटचा. तो त्यानं स्वतःच्या हातानं टाकला होता, 'धाराशिवच्या मशिनी'कडं पाठवताना.

"तुमचा दोरा तसाच ठेवलाय," नसीमबी म्हणाली. "काढायचं काम जळकोटला होतं ना, म्हणून म्या हात लावला न्हाय."

समदनं दोऱ्याकडं बघितलं, नसीमबीकडं बघितलं. तिच्या हातांना रिठ्याचा वास येत होता. त्याच्या सगळ्या भारी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना यायचा, तोच.

"मशीन बघायची होती ना तुम्हाला?" तिनं पदर सावरला आणि समोर बसली. "बघा. जुनी हाय म्हणं. पण लाइट गेली तरी चालते."

समदनं सरबताचा रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावला.

"भाबीजान, म्या तसं…" समद म्हणाला.

"न्हाय न्हाय, तुमचं बरोबर हाय. पैसे कशाला? तुम्ही मशीन मागितली, आम्ही मशीनच देणार. जबान म्हणजे जबान. निकाह झाला की मी येते जळकोटला. कायमची. पण मशीन जिथं, मालक तिथं. मेहनाजच्या अब्बांना एकटं कसं टाकू? ते बी येतील. त्यांना दुपारी जेवल्यावर झोप लागते आणि डोक्यावर पंखा लागतो. संध्याकाळी चहात आलं. बाकी त्यांचा काही त्रास न्हाय, दिवसभर बोलत बसतात. तुमच्याच काउंटरवर बसतील. तुम्हाला बी सोबत."

समदनं फकरुद्दीनकडं बघितलं. फकरुद्दीन कधी नव्हे ते बायकोचं बोलणं बरोब्बर समजला, आणि लोडाला टेकून, कायमचं राहायला आलेला माणूस टेकतो तसा, पाय लांब केला.

"तुम्हीच म्हणालात की," नसीमबी म्हणाली, "पोरीला माहेरचं कुणीतरी सोबत."

हाफिजला हसू आवरेना. तो खोकायला लागला. मेहनाजनं आतून पाणी आणून दिलं.

समदनं शेरवानीची पुन्हा घडी घातली. पहिल्यासारखी जमली नाही. "भाबीजान," तो म्हणाला, "मशीन इथंच बरी हाय. एकदा बसवलेली मशीन हलवू न्हाय. खराब होती."

"आणि तिची किंमत?"

"तुम्ही मला शरमिंदा करायलात."

"न्हाय, विचारून घेतलेलं बरं. कारण मशीन कधीकधी बंद पडते. मनाला काही लागलं तर लई दिवस पडते. मग सोलापूरला कपडे साठतात, जळकोटला साठतात…"

"तारीख धरा," समद फकरुद्दीनला म्हणाला. "लवकरातली धरा."

निकाह झाला. समदनं तीच शेरवानी घातली होती. दालचाही होता, पण समदनं ताटावर हात आडवा धरताच फकरुद्दीन मुकाट्यानं पुढं सरकला, आणि समद थोडा खट्टू झाला, कारण त्याला हवा होता.

त्यानंतर फकरुद्दीननं शहाणपणा करून बघितला. सोलापूरची वाट बंद करायची, कपडे पुढच्या दारातून उचलून सरळ अंगणात न्यायचे, नसीमबीला जळकोटवाले देत होते तेच आपण द्यायचे. हे शेवटचं कलम नसीमबीनं घातलं होतं. पहिलाच कपडा गुरुलिंगआप्पांचं जाकीट. आज दिलं, उद्या तयार. आप्पांनी काउंटरवर जाकीट उलटंपालटं केलं, हुंगलं, उजेडात धरलं.

"फकरुद्दीन, ह्ये मनासारखं झालं न्हाय."

"काय राहिलं, आप्पा?"

"राहिलं काय न्हाय. पर एका दिसात झालं. येवढ्या मोठ्या मशिनीवर घातलेला कपडा एका दिसात यील का? तू ह्ये गावातच कुनाकडनं तरी धुऊन घेतलंस." आप्पांनी जाकीट मागं सरकवलं. "मशिनीवर घाल. येळ लागला तर लागू दे."

फकरुद्दीननं जाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, गाठोड्यात बांधलं आणि लिंबाजीच्या गाडीवर ठेवून दिलं. कुठं उतरवायचं नाही, एवढंच सांगितलं. जाकीट वांग्याच्या पोत्यांवर बसून सोलापूर बघून आलं, जळकोट बघून आलं, आणि आठवड्यानं आप्पांच्या अंगावर चढलं.

"हां," आप्पा म्हणाले. "आता कसं."

तेव्हापासून कूलर पुन्हा चालू झाला, आणि पूर्वीसारखीच हिरव्या दोऱ्याची गाठोडी जाऊ लागली. फकरुद्दीनची काही तक्रार नव्हती. अंगणात तो आता अधूनमधून जायचा, रिठे फोडून द्यायचा. चारेक महिन्यांनी मात्र त्याच्या लक्षात आलं, की मागच्या दारानं येणारी गाठोडी अगदीच लहान व्हायला लागलीत. नसीमबीला विचारलं तर ती म्हणाली, लिंबाजीला विचारा. आता फकरुद्दीन विचारायला शिकला होता. त्यानं लिंबाजीला रस्त्यातच गाठलं.

"म्होरच्या दारानं तेवढंच जातंय. मागच्या दारानं निम्मं येतंय. निम्मं कुठं जातंय?"

लिंबाजीनं इंजिन बंद केलं. "समदभाईच्या म्होरच्या दारातनं उचलतो," तो म्हणाला, "हायवेला एक येढा घालतो, आन त्येंच्याच मागच्या दारी उतरवतो. तितं एक नवी मशीन बसलीय, चाचा. बी.कॉम. झालेली. पैशे रोख घेती. जावईबापू पिळू लागत्यात."

फकरुद्दीननं गाडीचं दार धरलं. मग म्हणाला, "समदभाईला ठाऊक हाय?"

"त्येंनी इचारलं न्हाय," लिंबाजी म्हणाला आणि गाडी सुरू केली.